पाणी उकळून, गाळून प्या!

मध्य प्रदेशातील इंदूर हे देशातील सर्वांत स्वच्छ शहर असल्याचा निर्वाळा केंद्र सरकारने २०१७ पासून सलग आठ वेळा दिला आहे. २०२१ साली या शहराला देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर म्हणून गौरवण्यात आले. म्हणजे येथील सांडपाणी प्रक्रिया केल्याखेरीज नदीनाल्यांत सोडले जात नाही, यावर सरकारी शिक्कामोर्तब झाले. त्याच इंदूरच्या भागीरथपुरा या दाट वस्तीत २०२५ च्या डिसेंबरअखेर नळाला आलेले पाणी पिऊन शेकडो माणसे जुलाब-उलट्यांनी हैराण झाली, रुग्णालये भरून गेली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत तान्हे मूल होते, वृद्ध माणसे होती. मृतांचा आकडा नेमका किती, यावरून प्रशासन आणि रहिवासी यांच्यात दिवसेंदिवस वाद चालला. पाण्याला घाण वास येतो ही तक्रार मात्र वस्तीतील लोक त्याआधीपासूनच करीत होते. पुढे उघडकीस आले ते असे, की पोलीस चौकीजवळ मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि त्या वाहिनीच्या माथ्यावरच एक शौचालय बांधलेले होते.

यानंतर जे व्हायचे ते यथासांग झाले. काही अधिकारी निलंबित झाले, काहींच्या बदल्या झाल्या, मृतांच्या नातलगांना मदतीची रक्कम जाहीर झाली, प्रश्न विचारणाऱ्या वार्ताहरावर मंत्रिमहोदय घसरले, आणि नागरिकांना आवाहन करण्यात आले : पाणी उकळून, गाळून प्या.

या आवाहनाचा विचार करणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण ते इंदूरपुरते नाही. दर पावसाळ्यात देशातील प्रत्येक नगरपालिका ते आपापल्या भाषेत प्रसिद्ध करते, आणि आपण सर्व जण ते इतके निमूटपणे वाचतो की त्यात दडलेली कबुली आपल्या ध्यानातही येत नाही. आम्ही पाणीपट्टी घेऊ, नळातून पाणीही सोडू; परंतु ते पिण्याजोगे आहे की नाही, याची जबाबदारी तुमच्या घरातील चुलीवर राहील, असा त्या आवाहनाचा सरळ अर्थ आहे.

इंदूरच्या जनतेला हे पाणी आयते मिळालेले नाही. एकेकाळच्या या गिरण्यांच्या शहराने १९७० साली नर्मदेचे पाणी मिळावे म्हणून मोठे आंदोलन केले होते, आणि १९७८ साली ते पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून, माळव्याच्या पठारावर चढवून शहरात आणले गेले. एवढ्या लांबून, एवढ्या खर्चाने आणलेले, शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ होऊन निघालेले पाणी शेवटच्या काही शे मीटरमध्ये विषारी व्हावे, ही गोष्ट अपघात म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिची कारणे जमिनीखाली आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत.

आपल्याकडे जवळजवळ कोणत्याही मोठ्या शहरात नळाला चोवीस तास पाणी नसते. मराठीत आपण 'पाणी आले' आणि 'पाणी गेले' असे म्हणतो. हिंदीतही तसेच म्हणतात. पाण्याच्या जाण्यायेण्याची वेळ ज्या समाजाला तोंडपाठ असावी लागते, त्याच्या भाषेतच ही अवस्था मुरलेली आहे. पण पाणी 'गेले' म्हणजे नेमके काय होते? जोवर नळवाहिनी दाबाखाली पूर्ण भरलेली असते, तोवर तिला भोक पडले तरी पाणी आतून बाहेर उडते. बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो, उताराकडचे पाणी निघून जाते आणि वाहिनीच्या पोटात पोकळी निर्माण होते. ती पोकळी सांध्यांतून, चिरांतून, गंजलेल्या घरजोडणीतून आसपासचे पाणी आत ओढून घेते. आसपास असते काय? बहुतेक गल्ल्यांत त्याच चरात, कित्येकदा हातभर अंतरावर, गटार असते. झोपडवस्त्यांत तर नळाच्या बारीक पाइपा उघड्या गटारातूनच नेलेल्या दिसतात. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की रात्रभरात झिरपलेली घाण पहिल्या लोटात घराघरांत पोचते.

यात आणखी एक भर पडते. दाब कमी असल्यामुळे ज्यांना परवडते ते लोक थेट वाहिनीवर मोटार लावून पाणी खेचतात. त्यामुळे वाहिनीतील दाब आणखी उतरतो, शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो आणि बाहेरची घाण आणखी वेगाने आत येते. मोटार लावणाऱ्या कुटुंबाला दोष देऊन नगरपालिका मोकळी होते. वास्तविक, टंचाईच्या व्यवस्थेत माणूस आपल्या शेजाऱ्याचा शत्रू कसा बनवला जातो, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात क्लोरीन मिसळतात तो याच प्रवासासाठी. पाणी ग्राहकाच्या नळापर्यंत पोचेल तेव्हाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असला पाहिजे, असे भारतीय मानक संस्थेचे पिण्याच्या पाण्याविषयीचे मानक, म्हणजे आयएस १०५००, सांगते. विषाणूंचा धोका असेल तेथे हे प्रमाण ०.५ असावे असे म्हटले आहे. शंभर मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात विष्ठेतील ई. कोलाय हा जंतू आढळता कामा नये, हेही तेथेच नमूद आहे. परंतु वाहिनीत मैला शिरू लागला की हा शिलकी क्लोरीन त्या घाणीशी झुंजण्यातच खर्ची पडतो आणि पुढच्या घरांना निव्वळ गढूळ पाणी मिळते. नळाच्या पाण्यात क्लोरीन एकाएकी नाहीसा होणे हा म्हणूनच धोक्याचा पहिला इशारा असतो. शिस्तीने रोज गल्लोगल्ली तपासणी करणारे खाते असेल, तर माणसे आजारी पडण्यापूर्वीच गळती सापडते. तसे खाते नसेल, तर गळतीचा शोध रुग्णालयातील खाटांवरून लावावा लागतो. भागीरथपुऱ्यात तेच घडले.

या बाबतीत आपल्या देशाला धडा मिळालेला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९५५ सालच्या नोव्हेंबरात दिल्लीत यमुनेच्या प्रवाहात बदल झाला आणि नजफगढ नाल्यातील मैलापाणी वजिराबादच्या उपसा केंद्रात शिरले. तेथील तंत्रज्ञांनी तुरटीचे आणि क्लोरीनचे प्रमाण वाढवले. विषमज्वरासारखे जिवाणूजन्य रोग त्यामुळे रोखले गेले. पण विषाणू त्यातून निसटला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात राजधानीतील सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. कित्येक वर्षे ही कावीळ नेहमीच्याच जातीची समजली जात होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले आणि १९८० साली हे स्पष्ट झाले की ही साथ 'अ' किंवा 'ब' या दोन्ही ज्ञात प्रकारांची नव्हती. १९८३ साली मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातील आजारी सैनिकांच्या विष्ठेतील अर्क स्वतः प्राशन केला, तो आजारी पडला, आणि स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याने नव्या विषाणूचे कण दाखवून दिले. आज आपण ज्याला हिपॅटायटिस 'ई' म्हणतो तो हाच. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा रोग झाल्यास शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. माणसाने पोटात विष घेऊन मिळवलेले हे ज्ञान चार दशकांहून अधिक काळ जगापुढे आहे. तरीही २०१५-१६ च्या हिवाळ्यात सिमल्यात मैलाशुद्धीकरण केंद्राचे पाणी अश्विनी खड्ड या ओढ्यातून शहराच्या पाणीपुरवठ्यात गेले, शेकडो लोकांना हीच कावीळ झाली आणि काही जण मृत्युमुखी पडले. ज्ञान पुरेसे होते. त्या ज्ञानावर खर्च करण्याची इच्छा नव्हती.

आता त्या सुप्रसिद्ध आवाहनाकडे वळू. पाणी उकळणे म्हणजे फुकटचा उपाय, अशी समजूत असते. हिशेब करून पाहावा. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी दिवसाला पंधरा लिटर पाणी लागते, असे धरू. साध्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीला आणण्यास सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. शेगडीवर वाया जाणारी उष्णता जमेस धरली, तर महिन्याकाठी सुमारे पाच किलो गॅस केवळ पाणी उकळण्यात जातो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक! हा नगरपालिकेने न लावलेला, पण वसूल केलेला कर आहे. ज्या घरात तो सिलिंडरच दोन-अडीच महिने पुरवावा लागतो, तेथे पाणी उकळले जाणार नाही हे उघड आहे. शिवाय हे पंधरा लिटर पाणी भरणे, उकळणे, निववणे, गाळणे आणि झाकून ठेवणे ही कामे कोण करते? पहाटे पाणी येण्याच्या वेळी कोण उठते? आरोग्य खात्याचे पत्रक 'नागरिकांनी' असे म्हणते. त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ घरातील बाई असा आहे.

आणि इतके करूनही उकळण्याने जंतू मरतात, एवढेच. पाण्यातील फ्लोराइड, आर्सेनिक किंवा नायट्रेट यांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. उलट वाफ होऊन गेलेल्या पाण्यामागे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. गंगेच्या खोऱ्यातील आर्सेनिकग्रस्त जिल्ह्यांतील, किंवा तेलंगणातल्या नलगोंड्याच्या फ्लोराइडयुक्त भूजलावर वाढून हाडे वाकलेल्या शेतमजुरांना 'उकळून प्या' असे सांगणे ही क्रूर थट्टाच ठरेल.

जेथे राज्यसंस्था अंग काढून घेते, तेथे बाजार पुढे येतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बाटलीबंद पाणी आणि घरगुती शुद्धीकरण यंत्रे यांचा अवाढव्य धंदा आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिला. नगरपालिकेच्या प्रत्येक नादुरुस्त सांध्यामागे या धंद्याला एक गिऱ्हाईक मिळते. मध्यमवर्गीय घरात आरओ यंत्र आले की त्या घराचा सार्वजनिक पाणीपुरवठ्याविषयीचा संताप मावळतो. नगरसेवकाच्या दारात जाणाऱ्या जमावातून एक माणूस कमी होतो. यंत्र विकणाऱ्याच्या नफ्याइतकाच हा राजकीय लाभही सत्ताधाऱ्यांना मोलाचा वाटत असावा. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत, तेथे आरओ यंत्रांवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली दिला होता, कारण ही यंत्रे गाळलेल्या पाण्याच्या कित्येक पट पाणी मोरीत सोडतात. यंत्र-उत्पादकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. टंचाईग्रस्त शहरात श्रीमंताच्या मोरीतून शुद्ध पाणी वाहावे आणि गरिबाच्या नळातून मोरीचे पाणी यावे, असा हा विकास आहे.

बाटलीतले वा जारमधले पाणी तरी निर्धोक असते काय? २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली आणि मुंबई परिसरात विकल्या जाणाऱ्या नामांकित बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले होते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू आणि नोरोव्हायरस आढळले. नांदेड गाव, किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत घेतली गेली. मिळकतकर लागू झाला. पण तेथे विहिरीचे पाणी गाळण प्रक्रियेविना, केवळ क्लोरीन टाकून पुरवले जात होते. त्याच वेळी महापालिकेने या परिसरातील खासगी आरओ केंद्रे तपासली आणि तेथील पाणीही पिण्यास अयोग्य आढळल्यामुळे कित्येक केंद्रांना टाळे ठोकावे लागले. नळावर विश्वास नाही म्हणून पैसे देऊन जार घेणाऱ्यांच्या वाट्यालाही तेच आले.

येथे कायद्यातील एक विसंगती लोकांच्या नजरेस आणून देणे आम्ही कर्तव्य समजतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'अन्न' या शब्दाच्या व्याख्येत बाटलीबंद पाणी येते. ते दूषित निघाले तर विकणाऱ्यावर खटला भरता येतो. नळाचे पाणी मात्र त्या व्याख्येत बसत नाही. पिण्याच्या पाण्याचे आयएस १०५०० हे मानक नगरपालिकांसाठी ऐच्छिक आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात तत्कालीन केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी राज्यांच्या राजधान्यांतील नळाच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. मुंबईचे दहाही नमुने सर्व कसोट्यांना उतरले. दिल्लीचे अकराच्या अकरा नमुने नापास झाले, तेही अठ्ठावीसपैकी एकोणीस कसोट्यांत. त्यावर दिल्लीतील सरकार आणि केंद्र सरकार यांच्यात नमुने कोठून घेतले याविषयी प्रदीर्घ कलगीतुरा रंगला. मानक सक्तीचे करण्याची भाषा पासवान यांनी तेव्हा केली होती. पुढे २०२० साली नळपुरवठ्याच्या व्यवस्थापनासाठी आणखी एक मानक निघाले, तेही ऐच्छिकच! सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. बोलिव्हियाच्या पुढाकाराने २०१० च्या जुलैत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाण्याचा मानवी हक्क मान्य केला, त्या ठरावाच्या बाजूने भारताने मतदान केले आहे. म्हणजे बाटलीचे पाणी खराब असेल तर तो गुन्हा, आणि नळाचे खराब असेल तर ती गैरसोय. नफ्यासाठी विकलेल्या वस्तूला कायद्याचे संरक्षण आहे. हक्क म्हणून मिळणाऱ्या वस्तूला नाही.

मुंबईच्या निकालाबद्दल दोन शब्द. खासगीकरणाचे पुरस्कर्ते म्हणतात की सरकारी खात्याकडून शुद्ध पाणी मिळणे शक्यच नाही. १८६० सालच्या विहार तलावापासून उभ्या राहिलेल्या, संरक्षित तलावांवर आधारलेल्या, पूर्णतः महापालिकेच्या मालकीच्या या यंत्रणेने त्यांना उत्तर दिले आहे. २००६-०७ च्या सुमारास जागतिक बँकेच्या सल्ल्याने अंधेरी भागातील पाणीवाटप खासगी कंपन्यांकडे सोपवण्याचा घाट घालण्यात आला होता. नागरिक आणि कामगार यांच्या विरोधामुळे तो फसला. परंतु याच मुंबईत लाखो झोपडीवासीयांना ठरावीक तारखेनंतर वस्ती झाली म्हणून अधिकृत नळजोडणी नाकारली जात असे. अनधिकृत घरात राहणाऱ्यालाही पाण्याचा हक्क आहे, हे २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. तपासणीचे नमुने या वस्त्यांच्या गटारातून जाणाऱ्या पाइपांतून घेतले असते, तर निकाल काय लागला असता? आणि ज्या शहापूर तालुक्यातील तानसा-भातसाचे पाणी या महानगराला जाते, तेथील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायांचे हंडे कोणत्याही तपासणीत येतच नाहीत.

पाण्याचा प्रश्न वर्गाचा प्रश्न आहे, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही विद्वानांना ती पोथीनिष्ठा वाटते. त्यांनी हँबुर्गचा इतिहास पाहावा. १८९२ साली या जर्मन बंदरात पटकीची साथ आली आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली. शेजारचे आल्टोना हे प्रशियाच्या अखत्यारीतील शहर हँबुर्गला अगदी खेटून, एल्ब नदीच्या खालच्या अंगाला होते. म्हणजे हँबुर्गची घाण मिसळलेलेच पाणी ते उचलत होते. पण आल्टोनाने वाळूच्या गाळण्या बसवल्या होत्या. हँबुर्गने बसवल्या नव्हत्या. हँबुर्गची सत्ता व्यापारी आणि घरमालक यांच्या हाती होती, आणि गाळण्यांचा खर्च कोणी सोसायचा यावर त्यांनी वर्षानुवर्षे घोळ घातला होता. हद्दीवरच्या एकाच रस्त्यावर एका बाजूची घरे साथीने ग्रासली आणि दुसऱ्या बाजूची वाचली, हे रॉबर्ट कॉखने पाहून नोंदवले आहे. त्याच्या वीस वर्षे आधी, १८७२ साली, एंगल्सने घरांच्या प्रश्नावरील आपल्या लेखमालेत दाखवून दिले होते की मजूरवस्तीतील साथ भांडवलदाराच्या हवेलीपर्यंत पोचू लागली तेव्हाच भांडवलदारवर्गाला सार्वजनिक आरोग्याची आठवण झाली. आपल्याकडील सत्ताधारीवर्गाने त्या कचाट्यातून सुटण्याची युक्ती शोधून काढली आहे. त्याच्या हवेलीत यंत्र आहे, गाडीत बाटली आहे, सोसायटीच्या दारात स्वतंत्र टँकर आहे. साथ आता त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून त्याला घाईही नाही.

ग्रामीण भागात २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी जलजीवन मोहीम जाहीर झाली, तेव्हा केवळ ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आज हा आकडा पंधरा कोटींच्या वर गेल्याचे सांगितले जाते. ही नळजोडणी निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही. डोक्यावरचा हंडा उतरला तर तो कष्टकरी स्त्रीचा विजयच आहे. परंतु जोडणी मोजणे सोपे असते. त्या तोटीतून रोज, मानकाप्रमाणे, माणशी ५५ लिटर पाणी येते का, हे मोजणे अवघड. २०२४ ची मुदत टळली आणि ती २०२८ पर्यंत वाढवावी लागली, यातच बरेच काही आले.

दुसरी वाट अशक्य नाही. ओडिशाच्या राज्य सरकारने २०२१ च्या जुलैत पुरी शहरात चोवीस तास, थेट नळातून पिण्याजोगे पाणी देण्याची योजना पूर्ण झाल्याचे जाहीर केले. लक्षावधी यात्रेकरू येणाऱ्या, मुळीच श्रीमंत नसलेल्या शहरात हे काम सरकारी मालकीच्या कंपनीने केले आणि घरोघर जाऊन पाणी तपासण्याचे काम बचत गटांतील स्त्रियांवर सोपवले. त्या सरकारच्या एकूण धोरणांशी आमचे तीव्र मतभेद होते; पण जे झाले ते झाले असे म्हणण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. याच्या शेजारी नागपूर ठेवून पाहावे. तेथे २०१२ पासून पंचवीस वर्षांसाठी पाणीपुरवठा एका फ्रेंच बहुराष्ट्रीय कंपनीच्या भागीदारीकडे दिला आहे. पाच वर्षांत सर्व शहराला चोवीस तास पाणी देण्याचे आश्वासन होते. ती मुदत केव्हाच उलटून गेली. चोवीस तास पाण्याची मागणी आमचीही आहे, कारण दाबाखालची वाहिनी हाच मैला रोखण्याचा खरा बंदोबस्त होय. परंतु ती घोषणा पुढे करून सार्वजनिक मालकी विकायला काढली जाते, तेव्हा तिच्यामागचा हेतू ओळखला पाहिजे.

या साऱ्या यंत्रणेच्या तळाशी जो माणूस उभा आहे, त्याचा उल्लेख चौकशी अहवालांत क्वचितच येतो. कोणत्या गल्लीत कोणती वाहिनी कोणत्या गटाराला छेदून जाते, याचा नकाशा कित्येक शहरांत कागदावर नाही. तो जुन्या चावीवाल्याच्या आणि फिटरच्या डोक्यात आहे. तो निवृत्त झाला, त्याची जागा भरली गेली नाही. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या मुलाला व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा, एवढेच माहीत. खर्च वाचला असे अर्थसंकल्पात लिहिले गेले. क्लोरीन मोजणारा हात आणि गळती ओळखणारे कान कंत्राटदाराच्या निविदेतून मिळत नसतात. म्हणून पाणीपुरवठा खात्यातील कंत्राटी पद्धत रद्द करून कायम भरती करावी, ही कामगार संघटनांची मागणी केवळ पगाराची मागणी नाही. ती प्रत्येक घरातील लहान मुलाच्या जिवाची मागणी आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नळाच्या पाण्याला पिण्याच्या पाण्याचे मानक कायद्याने बंधनकारक करावे आणि त्याच्या भंगाची जबाबदारी कनिष्ठ अभियंत्यावर न ढकलता नगरपालिकेच्या आणि राज्याच्या वरिष्ठांवर निश्चित करावी. प्रत्येक प्रभागातील तपासणीचे निकाल दर आठवड्याला प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावावेत. गटारालगतच्या जुन्या वाहिन्या बदलण्याचा खर्च केंद्राने उचलावा, आणि कामाची सुरुवात टोकाच्या वस्त्यांपासून करावी.

पण मागणीपत्रे देऊन थांबणे पुरेसे नाही. पाण्याची परीक्षा ही तज्ज्ञांचीच मिरासदारी आहे, हा समज प्रथम मोडला पाहिजे. क्लोरोस्कोपच्या नळीत द्रावणाचे थेंब टाकून रंगाची पट्टी जुळवण्यास दोन मिनिटे लागतात; आपल्या गावोगावच्या आरोग्यसेविका हे काम वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक साधी चाचणी प्रसिद्ध केली : रसायन लावलेल्या कागदाच्या छोट्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे, पाणी काळे पडले तर ते विष्ठेने दूषित असल्याचा संशय धरायचा. या बाटल्या अल्प किमतीत मिळतात.

पक्षाच्या शहरी शाखांनी, महिला आणि युवक आघाड्यांनी येत्या पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक वस्तीत निदान दहा नळ निवडावेत. पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतला आणि अर्ध्या तासानंतरचा, असे दोन नमुने रोज तपासावेत. तारीख, वेळ, गल्ली, पाण्याचा रंग, वास, क्लोरीन आहे की नाही, घरात कोणी जुलाबाने आजारी आहे का, हे सर्व एका वहीत टिपावे. पाणी खात्यातील संघटित कामगारांना या कामात बरोबर घ्यावे, कारण नकाशा त्यांच्याकडे आहे. सलग दोन दिवस क्लोरीन सापडला नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता वस्तीतील लोकांनिशी प्रभाग कार्यालयात जावे, वहीतील पानांची प्रत अधिकाऱ्याच्या हाती द्यावी आणि त्यावर तारीख-वेळेसह पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नये.